नवा कंपायलर स्वीकारताना या चुका टाळा

फोंड्यातील आमच्या कार्यालयात आम्ही वजनकाट्यांचे सॉफ्टवेअर सांभाळतो. डिचोली परिसरातील खनिजाचे ट्रक ज्या काट्यांवर चढतात, त्यांपैकी काहींवर आमचा सी प्लस प्लसमधील प्रोग्रॅम चालतो. भरलेल्या ट्रकचे वजन, रिकाम्या ट्रकचे वजन आणि त्यांतून निघणारे मालाचे निव्वळ वजन, एवढेच त्याचे काम आहे. परंतु ट्रकमालकाचे भाडे त्याच आकड्यावर ठरत असल्याने तेथे चूक चालत नाही.

हा प्रोग्रॅम अनेक वर्षे जीसीसी या कंपायलरवर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणाऱ्या साधनावर, तयार होत होता. क्लँग हा दुसरा कंपायलर वापरून पाहिला तेव्हा मी खरोखर भारावून गेलो. चुकीच्या ओळीत नेमक्या कोणत्या अक्षरापाशी दोष आहे, हे तो खूण करून दाखवतो आणि नाव लिहिताना एखादे अक्षर चुकले असेल तर बहुधा योग्य नावही सुचवतो. १९८७ पासून चालत आलेल्या जीसीसीनेही २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून अशी खूण दाखवण्यास सुरुवात केली, यावरून २००७ मध्ये खुल्या झालेल्या क्लँगने या क्षेत्रात केवढी चुरस निर्माण केली ते लक्षात येते. माझा उत्साह योग्यच होता, असे मी आजही म्हणेन. चुकली ती बदल करण्याची पद्धत.

सगळे एकदम बदलू नका

मी एकाच दुपारी कंपायलर बदलला, भाषेचे प्रमाण (तिच्या नियमांची अधिकृत आवृत्ती) सी प्लस प्लस १७ वर नेले आणि ऑप्टिमायझेशनची, म्हणजे कोड वेगवान करण्यासाठी कंपायलर जे फेरबदल करतो त्यांची, पातळीही वाढवली. संध्याकाळी आकडे चुकू लागले, तेव्हा तीन बदलांपैकी दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी तिन्ही मागे घ्यावे लागले. आधी केवळ कंपायलर बदलावा, भाषेचे प्रमाण आणि पर्याय जुनेच ठेवावेत आणि ते स्पष्टपणे लिहून द्यावेत, कारण काहीच लिहिले नाही तर प्रत्येक कंपायलर आपल्या आवृत्तीनुसार स्वतःचे प्रमाण गृहीत धरतो.

जुने बिल्ड फोल्डर पुन्हा वापरू नका

सीमेक (प्रोग्रॅम तयार करण्याची मांडणी लावणारे साधन) पहिल्या वेळी सापडलेला कंपायलर बिल्ड फोल्डरमधील आपल्या कॅशमध्ये नोंदवून ठेवतो, त्यामुळे नंतर नुसते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून काही होत नाही आणि आपण नवा कंपायलर वापरत आहोत या समजुतीत जुन्याचीच चाचणी घेत राहतो. नवे, रिकामे फोल्डर घ्यावे. लिंक करताना, म्हणजे तयार झालेले भाग जोडताना, स्ट्रिंगशी (मजकूर साठवणाऱ्या प्रकाराशी) संबंधित नावे सापडत नसल्याची तक्रार आली, तर लायब्ररी, म्हणजे वापरलेले तयार कोडचे संच, तपासाव्यात. २०१५ च्या जीसीसी ५ पासून स्टँडर्ड लायब्ररीतील स्ट्रिंगची अंतर्गत रचना बदलली असल्याने त्याआधी तयार झालेली लायब्ररी नव्या कोडशी जुळत नाही. क्लँगसोबत त्याची स्वतःची लिबसी प्लस प्लस ही स्टँडर्ड लायब्ररी निवडली तरी हीच अडचण येते, म्हणून अवलंबून असलेले सर्व भाग एकाच स्टँडर्ड लायब्ररीवर पुन्हा तयार करावेत.

‘कंपायलरने कोड बिघडवला’ असे लगेच म्हणू नका

आमच्या काट्यावर घडलेला प्रकार येथे सविस्तर सांगतो. वजनदर्शक यंत्राकडून दोन आकडे एकामागून एक येत, आधी भरलेल्या ट्रकचा आणि मग रिकाम्या ट्रकचा. आमच्या फंक्शनचा पहिला पॅरामीटर रिकाम्या वजनाचा आणि दुसरा भरलेल्या वजनाचा होता, आणि त्याला बोलावताना दोन्ही जागी थेट ‘वाचा’ हेच फंक्शन लिहिलेले होते. आमच्या यंत्रांवर जीसीसी उजवीकडील आर्ग्युमेंट (पॅरामीटरच्या जागी दिलेले मूल्य) आधी काढत असे, म्हणून पहिला आकडा बरोबर भरलेल्या वजनाच्या जागी पडे. क्लँग डावीकडून सुरुवात करतो. परिणामी दोन्ही वजनांची अदलाबदल झाली आणि पावतीवर निव्वळ वजन उणे छापले गेले. आर्ग्युमेंट कोणत्या क्रमाने काढावीत हे भाषेचे प्रमाण ठरवून देत नाही, म्हणजेच दोष आमच्या ओळीत पहिल्या दिवसापासून होता. दोन्ही आकडे आधी वेगवेगळ्या व्हेरिएबलमध्ये वाचून घेतले आणि प्रश्न मिटला.

हा दोष कोणत्याही सॅनिटायझरने, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना चुका शोधणाऱ्या कंपायलरच्या सोयीने, पकडला नसता. इतर अनेक दोष मात्र ते पकडतात, आणि म्हणूनच बदलाच्या पहिल्याच दिवशी ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा चुकीचा वापर शोधणारा) व अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर (भाषेने परिणाम ठरवून न दिलेल्या क्रिया शोधणारा) लावून संपूर्ण चाचणी चालवावी, असा माझा आग्रह आहे. पूर्णांकाची बेरीज मर्यादेबाहेर गेली की नाही हे बेरीज करून झाल्यावर तपासणारी अट ऑप्टिमायझर काढून टाकू शकतो, कारण चिन्हयुक्त (धन किंवा ऋण असू शकणाऱ्या) पूर्णांकाची बेरीज मर्यादेबाहेर जाणारच नाही असे धरून चालण्याची मुभा त्याला आहे. सुरुवातीचे मूल्य न दिलेल्या मेमरीचा शोध घेणारा मेमरी सॅनिटायझर जीसीसीत नाही, तो क्लँगमध्ये मिळतो, आणि मला विचाराल तर कंपायलर बदलण्याचे तेवढे एक कारणही पुरेसे आहे. मात्र त्यासाठी सोबतच्या लायब्ररीही त्याच पर्यायाने तयार कराव्या लागतात, अन्यथा तो खोट्या सूचना देतो.

सूचना बंद करून पुढे जाऊ नका

जुन्या सी कोडमध्ये घोषणा न करताच, म्हणजे ते काय घेते आणि काय परत करते हे आधी न सांगताच, फंक्शन वापरलेले आढळते. क्लँग १६ ने २०२३ मध्ये आणि जीसीसी १४ ने २०२४ मध्ये त्यावरची इशाऱ्याची सूचना त्रुटीच्या दर्जाला नेली, म्हणजे असा कोड तयारच होत नाही. एक पर्याय देऊन ती पुन्हा सौम्य करता येते, पण तसे करू नये. घोषणा नसेल तर फंक्शन पूर्णांक परत करते असे धरले जाते. ते प्रत्यक्षात पॉइंटर (मेमरीतील पत्ता) परत करत असेल, तर ६४ बिटच्या यंत्रावर पत्त्याचा अर्धा भाग गळून पडू शकतो आणि प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी कोसळतो. योग्य हेडर (घोषणा असलेली फाइल) जोडण्यास एक ओळ पुरते.

महाविद्यालयात टर्बो सी या जुन्या कंपायलरवर लिहिलेला कोड आणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. तेथे पूर्णांक दोन बाइटचा होता, आजच्या कंपायलरमध्ये तो चार बाइटचा असतो. त्यामुळे तेव्हा बायनरी फाइलमध्ये साठवलेल्या नोंदी तशाच वाचल्या तर सरकलेल्या दिसतात. अशा ठिकाणी निश्चित रुंदीचे प्रकार वापरावेत.

वेग मोजायचा तर दोन्हीकडे ऑप्टिमायझेशनची समान पातळी ठेवून, प्रोग्रॅम जेथे चालणार त्याच यंत्रावर मोजावा.

बदलाची वेळही विचारपूर्वक निवडावी. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात नवी आवृत्ती पाठवू नये, कारण काही बिघडले तर सुधारणारी माणसे आपापल्या गावी असतात. आम्ही अखेर पावसाळा निवडला, त्या काळात खनिजाची वाहतूक थांबलेली असते. मागील हंगामात यंत्राकडून आलेले आकडे जसेच्या तसे साठवलेले होते. जीसीसी आणि क्लँगवर तयार केलेल्या दोन्ही प्रोग्रॅमना आम्ही तेच आकडे दिले आणि निघालेल्या पावत्या ओळीला ओळ लावून तपासल्या. सर्व पावत्या जुळल्यानंतरच नवी आवृत्ती काट्यावर बसवली. जुनी अजूनही त्याच यंत्रावर, शेजारच्या फोल्डरमध्ये तयार ठेवलेली आहे.