बरोक चित्रातलं प्रेमी युगुल कसं वाचावं

बरोक म्हणजे साधारण सतराव्या शतकातली युरोपीय कलाशैली. उदाहरणाला फ्लेमिश चित्रकार रूबेन्सचं म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक या संग्रहालयातलं चित्र घ्या: हनीसकलच्या वेलीखाली बसलेले स्वतः रूबेन्स आणि इझाबेला ब्रांट. दोघांचं लग्न ३ ऑक्टोबर १६०९ ला अँटवर्पमध्ये झालं, चित्र त्याच सुमाराचं.

१. आधी ही जोडी कोण आहे ते ठरवा. देवदेवता, नवरा-बायको की मधुशाळेतलं गिऱ्हाईक? हे चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

२. मग अंगं पाहा, वस्तू नंतर. कोण उंच बसलंय, कोण कुणाकडे कललंय, नजर कुठे आहे. इथे तो वर, ती खाली, आणि दोघंही थेट आपल्याकडे पाहतात. म्हणजे ही चोरून घेतलेली भेट नाही, जगाला सांगितलेलं नातं आहे.

३. आता प्रतीकं. बहुतेक जण इथेच घसरतात. 'लाल म्हणजे वासना, कुत्रा म्हणजे निष्ठा' असले तक्ते कृपा करून बाजूला ठेवा. कुत्रा कधी निष्ठेचा असतो, कधी कामुकतेचा, तर कधी नुसताच घरातला कुत्रा. प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारा: त्या काळच्या लोकांना हा अर्थ ठाऊक होता का? चित्रकाराने तिला मोक्याची जागा किंवा उजेड दिलाय का? अंगांच्या भाषेशी तो अर्थ जुळतो का? तिन्हींना 'हो' आलं तरच प्रतीक म्हणा.

रूबेन्सच्या चित्रावर करून पाहा. इझाबेलाचा उजवा हात त्याच्या उजव्या हातावर अलगद टेकलाय. उजवे हात जुळणं ही रोमन काळापासूनची विवाहाची खूण. पाणिग्रहण माहीत असलेल्याला ती पटकन उमगते. ते हात चित्राच्या मध्याजवळ आहेत आणि पकडीत जोर नाही. तिन्ही उत्तरं 'हो'. त्याचा डावा हात तलवारीच्या मुठीवर आहे. त्यात धमकी शोधू नका, ती तलवार दर्जा सांगते.

झाडांचा अर्थ त्या देशाच्या भाषेत शोधा. डच चित्रकार फ्रान्स हाल्सच्या १६२२ च्या सुमाराच्या, बागेत बसलेल्या जोडप्याच्या चित्रात (ॲमस्टरडॅम, राइक्सम्युझियम) पुरुषाच्या बाजूला काटेरी झुडूप आहे. काटे पाहून भांडणाची कल्पना करणारे पुष्कळ भेटतात. डचमध्ये अशा एका काटेरी झाडाच्या नावाचा अर्थच 'पुरुषाची निष्ठा' असा आहे.

४. चित्राचा भाव शेवटी. उजेड कुठून येतो आणि कडा मऊ आहेत की धारदार, ते पाहा. पिवळट सोनेरी झाक दिसली की 'उदास संध्याकाळ' लिहू नका. चित्रावर दिलेला पारदर्शक लेप, म्हणजे वार्निश, जुना झाला की पिवळा पडतो. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचं छायाचित्र उघडून पांढऱ्या कॉलरचा रंग तपासा. कॉलरही पिवळी असेल, तर दोष बहुधा वार्निशचा किंवा छायाचित्राचा.