संस्थेत पहिल्यांदा येताना

आमच्या संस्थेत ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या किंवा तशी शंका असलेल्या मुलांना थेरपी मिळते. मुलाला घेऊन येणारे आई-बाबा आधी माझ्या टेबलापाशी येतात. मी थेरपिस्ट नाही. बारा वर्षांपूर्वी मीही मुलाला कडेवर घेऊन याच दारातून आत आले होते, एवढीच माझी पात्रता. तेव्हा माझ्या हातात जाडजूड फाईल होती, सगळे रिपोर्ट तारखेवार लावलेले. समोरच्या बाईंनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "याला पाणी हवं असलं की हा काय करतो?" मला रडूच फुटलं. तोवर सगळ्यांनी तो काय करत नाही तेच विचारलं होतं.

म्हणून फाईल आणाच, पण त्यावर एक साधं हाताने लिहिलेलं पान लावा. "बोलत नाही" एवढ्यावर थांबू नका. मी लिहायला हवं होतं ते असं: "पाणी हवं असलं की माझं मनगट धरून ओट्याशी नेतो, माझा हात बाटलीवर ठेवतो, पण माझ्याकडे बघत नाही." या एका ओळीतून स्पीच थेरपिस्टला बरंच कळतं. त्याला मागणं कळतं, माणसाकडून काम होतं हेही कळतं. नजर अजून जोडली जात नाही. सुरुवात कुठून करायची ते तिथेच ठरतं.

मोबाईलवर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे दोन-तीन व्हिडिओ घ्या: खेळताना, जेवताना आणि तुम्हाला काळजी वाटते तसं वागताना. "बाळा, टाटा कर" असं करवून घेतलेलं नको. मध्येच टक लावून थिजतो किंवा अंगाला झटके येतात असं असेल, तर ते चित्रण डॉक्टरांना आधी दाखवा.

कानांची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. टीव्हीवरची जाहिरात लागली की धावत येतो, म्हणजे ऐकू येतंच, असं आम्हीही धरून चाललो होतो. काही आवाज ऐकू येतात आणि काही येत नाहीत, असंही असतं.

आणि येत असलेले शब्द गेले असतील, तर आमच्या तारखेची वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा. "मुलगे उशिराच बोलतात" म्हणणारे नातेवाईक प्रेमाने म्हणतात, पण त्यात महिने जातात. निदानाचा कागद हातात नसला तरी थेरपी सुरू करता येते.

संस्थेत येताना मुलाची झोपेची वेळ टाळा. आवडती वस्तू बरोबर ठेवा, चमचा असला तरी चालेल. कुणाला नमस्कार करायला लावू नका. माझा मुलगा पहिली चाळीस मिनिटं टेबलाखाली गाडीचं चाक फिरवत बसला होता. थेरपिस्ट मुकाट्याने खाली जाऊन दुसरं चाक फिरवू लागली.

तुम्हीही प्रश्न विचारा. मुलाबरोबर कोण बसणार? मला आत बसून बघता येईल का? तीन महिन्यांनी काय बदललं ते कसं ओळखायचं? आणि सर्वात महत्त्वाचं, घरी काय करायचं ते शिकवणार का? आठवड्यात १६८ तास असतात, त्यातले आमच्या वाट्याला एक-दोन.

ऑटिझम "पूर्ण बरा करून देतो" म्हणणारा भेटला, तर मुलाला उचला आणि बाहेर पडा. शरीरातले जड धातू काढतो म्हणून औषधं देणाऱ्यापासून तर लांबच राहा, त्यात मुलांचे जीव गेलेत. लसीमुळे झालं असेल का, हे आया हळू आवाजात विचारतात. नाही. ज्या १९९८च्या लेखातून ती भीती पसरली, तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१०मध्ये मागे घेतला.

मोठं भावंड असेल तर त्यालाही आणा. माझी लेक तेव्हा सात वर्षांची होती, तिने बाईंना विचारलं, "हे मला पण होईल का?" घरात हे कधी बोलली नव्हती. आम्ही आत असताना ती याच टेबलावर चित्रं काढत बसायची. रंगांचा डबा अजून डाव्या खणात असतो.