म्हाताऱ्या मांजराच्या फेरतपासणीची तयारी
बारा-चौदा वर्षांच्या मांजराच्या रक्ताच्या अहवालात एखादा आकडा विचित्र आला, तर पहिला अहवालच पुन्हा नीट वाचावा: नमुना कुठे तपासला, मांजर उपाशी होते का, आणि आकड्याशेजारी छापलेली मर्यादा मांजराची आहे की माणसाची. कोकणातल्या लहान गावांतून असे नमुने अनेकदा माणसांच्याच लॅबमध्ये जातात. मांजराच्या तांबड्या पेशी लहान, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) मोठ्या आणि चटकन गोळा होणाऱ्या असल्याने यंत्राची गल्लत होते. आमच्या मनीच्या प्लेटलेट 40 हजारांपर्यंत घसरलेल्या दिसल्या, तेव्हा रक्त येते की काय म्हणून आम्ही दोन रात्री बॅटरीच्या उजेडात तिच्या हिरड्या न्याहाळत काढल्या. शेवटी डॉक्टरांनी काचपट्टीवर रक्त पसरून पाहिले, तर कडेला प्लेटलेटचे घोसच्या घोस होते. म्हणून जांभळ्या झाकणाच्या नळीबरोबर ताज्या रक्ताची काचपट्टीही करावी, असे आधीच सांगून ठेवावे.

किती तास उपाशी ठेवायचे ते डॉक्टरांना विचारावे, मात्र पाणी तोडू नये. शरीरातले पाणी कमी झाले की युरिया आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात ते घटक) उगाच चढतात. करंडी चार दिवस आधीच तिच्या नेहमीच्या गोधडीसह ओटीवर उघडी ठेवावी, कारण भेदरलेल्या मांजराची साखर मधुमेह नसतानाही वाढते. अशा वेळी फ्रुक्टोसामाइनची तपासणी मागावी. तिच्यावरून मागच्या एक-दोन आठवड्यांतल्या साखरेचा अंदाज येतो. नमुना आंबा घाट चढून कोल्हापूरला जाणार असेल, तर सीरम (रक्तातला पेशींविना उरणारा पातळ भाग) इथेच वेगळे काढून बर्फाच्या थर्मासमध्ये द्यावे, नाहीतर पेशी वाटेत साखर खात राहतात.

सर्वांत जास्त आबाळ होते ती लघवीच्या तपासणीची. क्रिएटिनिन वाढेपर्यंत मूत्रपिंडांची सुमारे तीन-चतुर्थांश कार्यक्षमता गेलेली असते, शिवाय अंगावरचे मांस झडलेल्या मांजरात ते मुळातच कमी दिसते. परसात जाणाऱ्या मांजराला त्या सकाळी घरातच ठेवून, ट्रेमध्ये वाळूऐवजी धुऊन वाळवलेले गुळगुळीत खडे घालावेत आणि लघवी सिरिंजने उचलावी. तिचे विशिष्ट गुरुत्व (म्हणजे दाटपणा) 1.035 पेक्षा कमी आणि क्रिएटिनिन चढलेले असेल, तर मूत्रपिंडांचा संशय बळावतो. खाऊनही वजन घटत असल्यास त्याच रक्तातून थायरॉइडची टी-फोर तपासणीही करून घ्यावी.

सोबतच्या वहीत दर आठवड्याचे वजन, पाण्याचा अंदाज, दिलेले प्रत्येक औषध आणि ताटातला बांगडा किंवा खारवलेली सुकी मासळी, सारे लिहावे. घरातल्या कोणी माणसांची पॅरासिटामॉल चुकून दिली असेल, तर फेरतपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी डॉक्टर गाठावेत.