धुरकट समुद्रफोटो हातात घेण्यापूर्वी

मुरूडच्या किनाऱ्यावरून दुपारी टिपलेला पद्मदुर्ग घरी उघडला की किल्ला, पाणी आणि आभाळ एकाच राखाडी रंगात विरघळलेले दिसतात. किल्ला पश्चिमेला, सूर्यही कलून तिकडेच, आणि समोरून उजेड आला की हवेतले मिठाचे नि पाण्याचे कण जास्तच पांढरे चमकतात. पुन्हा जाणे जमत असेल तर सकाळी, सूर्य पाठीशी असताना जावे. जमत नसेल तर आहे त्या फाइलवर काम.

आधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवा आणि फोटो रॉ (सेन्सरने टिपलेली सगळी कच्ची माहिती ठेवणारी फाइल) आहे की जेपेग (दाबून लहान केलेली नेहमीची फाइल) हे बघा. जेपेगमध्ये एका रंगाला उजेडाच्या २५६ पायऱ्या मिळतात. धुरकट फोटोचा हिस्टोग्राम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत किती पिक्सेल कुठे आहेत याचा आलेख, मध्येच गोळा झालेला असतो, म्हणजे त्यातल्या बऱ्याच पायऱ्या रिकाम्याच. उरलेल्या ताणल्या की आभाळात पट्टे उमटतात. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, तिथे ताणायला जागा आहे. जेपेगच हाती असेल तर हात आखडता घ्या.

मग शंभर टक्के झूम करून जवळची एखादी काळी वस्तू शोधा: होडीचा डांबर फासलेला तळ, ओला कातळ, काहीही. ती नीट काळी आहे आणि किल्लाच तेवढा फिकट, तर दोष हवेचा. होडीसुद्धा राखाडी दिसत असेल तर लेन्सवर खारट थर बसला होता किंवा ऊन थेट काचेवर पडत होते. दुसऱ्या प्रकारात सगळ्या फोटोला एकच उपाय चालतो. पहिल्यात तसे केलेत तर किल्ला सुधारेपर्यंत होडी कोळसा होते, म्हणून तिथे मास्क, म्हणजे फोटोच्या निवडलेल्या भागापुरताच बदल, हवाच. तटाची रेघ थरथरल्यासारखी वाकडी दिसत असेल तर तो तापलेल्या हवेचा प्रताप. त्यावर औषध नाही, फोटो लहान आकारातच वापरा.

क्रॉपच्या आधी लेन्स करेक्शन (लेन्समुळे आलेला वाकडेपणा काढणारी सोय) चालू करा आणि क्षितिज सरळ करा. समुद्राची रेघ एका अंशाने कललेली असली तरी पाणी सांडतेय असे वाटते. धुरकट फोटोत बहुतेकदा वरचे अर्धे आभाळ आणि खालचे पाणी काहीच सांगत नसते, तेव्हा ३:१ ची आडवी पट्टी कापून बघा. ६००० × ४००० पिक्सेलच्या फोटोतून ६००० × २००० उरतात, आणि २०० पीपीआयने (इंचाला २०० पिक्सेल) ३० × १० इंचांचा प्रिंट निघतो. मात्र उभ्या मोबाइलवर हीच पट्टी दोरीएवढी दिसते. तिथे ४:५ घ्या आणि खालच्या भागात होडी किंवा खडक राहू द्या. जवळचे गडद काही नसले तर लांबचे फिकट केवळ चुकलेले वाटते.

आता डिहेझ, म्हणजे धूसरपणा कमी करणारा स्लायडर. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये किल्ला आणि क्षितिजाच्या पट्ट्यावर मास्क टाकून १५ ते २५ पासून सुरुवात करा. फोटो काळवंडतो नि निळा भडकतो, म्हणून लगेच एक्स्पोजर किंचित वर, निळ्याचे सॅच्युरेशन खाली. चाळीसच्या पुढे तटाभोवती पांढरी कड दिसू लागते आणि सेन्सरवरची धूळ आभाळात ठिपके होऊन उठते. ते ठिपके हील ब्रशने पुसावे लागतात. मोबाइलवर स्नॅपसीड या अ‍ॅपमध्ये कर्व्हचा (उजेड-अंधार बदलणाऱ्या रेघेचा) डावा तळबिंदू उजवीकडे सरकवला तरी बरेच काम होते. ब्लॅक पॉइंट, म्हणजे फोटोत पूर्ण काळे कुठून सुरू होते ते, जवळच्या वस्तूवरून ठरवा, किल्ल्यावरून नाही. लांबवरची भिंत काळीकुट्ट दिसली की डोळा फसवणूक ओळखतो. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, आणि आभाळ वगळून.

रंग काही केल्या जमेनात तर कृष्णधवल करून बघा. धूसरता निळसर असेल तर लाल चॅनलमध्ये किल्ला जास्त स्पष्ट असतो: लाल वर, निळा खाली. दमट पांढऱ्या धुक्यात हा उपाय फारसा चालत नाही, कारण पाण्याचे थेंब सगळेच रंग सारखे विखुरतात. अशा वेळी उलट्या वाटेने जा: काँट्रास्ट कमीच ठेवा आणि किल्ल्याची नुसती आकृती राहू द्या. आमच्या मते दहातल्या चार फोटोंना हेच शोभते.

प्रिंटला देण्याआधी स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणा, नाहीतर लॅबमधून फोटो अंधारा येतो. फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण रंगमानात पाठवा. धूसरपणात गेलेला काँट्रास्ट परत हवा असेल तर ग्लॉसी (चकचकीत) किंवा लस्टर (अर्धचकचकीत) कागद, कारण मॅटवर काळा तितका खोल बसत नाही. आकृतीवाल्या फोटोला मात्र मॅटच, भोवती दोन इंचांचे माउंट (फ्रेममधली पुठ्ठ्याची चौकट). माउंट चुन्यासारखे पांढरेशुभ्र घेतले तर फोटोतले पांढरे मळके दिसते, म्हणून किंचित पिवळसर निवडा. आणि मोठ्या प्रिंटचे पैसे मोजण्याआधी किल्ल्याच्या कडेचा तुकडा ४ × ६ इंचांत त्याच कागदावर काढून दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरून बघा.