क्लिनिकवरचा हल्ला दहशतवाद आहे की नाही, हे ठरवायचं कसं?

अमेरिकेत एखाद्या ॲबॉर्शन क्लिनिकवर हल्ला झाला की तासाभरात भांडण सुरू होतं. एक जण म्हणतो हा सरळसरळ टेररिझम आहे, दुसरा म्हणतो एका माथेफिरूने केलं, त्याला कशाला एवढं मोठं नाव देताय. ज्यांची पोरं तिकडे आहेत त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण हेच चालू असतं. आणि गंमत बघा, बहुतेक लोकं आधी स्वतःला विचारतात की आपण गर्भपाताच्या बाजूचे का विरोधातले, आणि जे उत्तर येईल त्यावरून हल्लेखोराला नाव देतात. तसं न करता नीट कसं बघायचं, ते लिहितेय. कायद्याची पदवी लागत नाही, थोडा पेशन्स लागतो.

सगळ्यात आधी आपला भारतीय चष्मा काढा. आपल्याकडे यूएपीए लागलं की दहशतवादाची केस, नाही लागलं तर नाही, असं डोक्यात बसलंय. अमेरिकेत २००१ च्या पॅट्रियट ॲक्टने 'देशांतर्गत दहशतवाद' याची व्याख्या कायद्यात घातली, पण त्या नावाचा वेगळा गुन्हा फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्यात ठेवलाच नाही. व्याख्या आहे, पण त्या नावाखाली कोणाला आत टाकता येत नाही. मग हल्लेखोर जातो कशात, तर खून, जाळपोळ, स्फोटकं, नाहीतर १९९४ चा फेस ॲक्ट, जो क्लिनिकचा रस्ता अडवणं, धमकावणं, मारहाण, तोडफोड यासाठीच केला होता. त्यामुळे 'त्याच्यावर टेररिझमचा चार्ज कुठे लागला?' हा प्रश्न कोणी मोठ्या विजयी सुरात टाकला तर शांतपणे सांगायचं की बाबा, फेडरल कायद्यात तसा चार्जच नाहीये.

आता व्याख्या. सोप्या मराठीत सांगायची तर तीन गोष्टी हव्यात. कृत्य माणसाच्या जिवाला धोका करणारं आणि मुळात गुन्हा असलेलं हवं. त्यामागचा हेतू सामान्य लोकांना धाकात घेण्याचा, किंवा धाक दाखवून सरकारचं धोरण बदलण्याचा, किंवा हत्या-अपहरण-मोठा विध्वंस करून सरकारच्या कारभारावर परिणाम करण्याचा दिसायला हवा. आणि हे सगळं मुख्यतः अमेरिकेच्या हद्दीत घडलेलं हवं. यात संघटना हवी असं कुठेही म्हटलेलं नाही, कार्डधारक मेंबर, हिशेबवही, ट्रेनिंग कॅम्प काही नको. आणि हेतू 'दिसायला हवा' एवढंच आहे, मनात शिरायला सांगितलेलं नाही.

हे संघटनेचं मुद्दाम सांगतेय, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो आणि खुद्द एफबीआयने पण केलाय. १९८४ साली क्लिनिकं एकामागून एक पेटत होती, बॉम्ब फुटत होते, आणि डिसेंबरमध्ये तेव्हाचे डायरेक्टर विल्यम वेबस्टर म्हणाले की हा दहशतवाद धरता येत नाही कारण यामागे ठरावीक असा गट दिसत नाही. त्याच महिन्यात ख्रिसमसच्या दिवशी फ्लोरिडातल्या पेन्साकोलामध्ये एकाच सकाळी तीन ठिकाणी बॉम्ब फुटले. आज तीच एफबीआय 'गर्भपाताशी संबंधित हिंसक अतिरेक' हा देशांतर्गत दहशतवादाचा एक वेगळा प्रकार म्हणून मोजते, आणि त्यात दोन्ही बाजूचे धरते, त्यावर पुढे येतेच.

मग हेतू ओळखायचा कसा? माझी एक ट्रिक आहे. ज्याला मारलं त्याच्याकडे बघू नका, ज्याला मारलं नाही पण ज्याच्यापर्यंत निरोप पोचवायचा होता तो शोधा. नवऱ्याने बायकोला मारलं तर निरोप कोणालाच नसतो. पण कॅन्ससमधल्या विचिटाचे डॉ. जॉर्ज टिलर घ्या. उशिराच्या महिन्यांतले गर्भपात करणारे तिकडे अगदी मोजके डॉक्टर, त्यातले एक. १९८६ मध्ये त्यांच्या क्लिनिकवर बॉम्ब, १९९३ मध्ये त्यांच्या दोन्ही हातांवर गोळ्या, तरी माणूस परत कामाला लागला. ३१ मे २००९ ला रविवारी ते त्यांच्या चर्चमध्ये आलेल्यांना दारात जागा दाखवायचं काम करत होते, तिथे स्कॉट रोडर नावाचा माणूस आला आणि त्याने डोक्याला पिस्तूल लावून गोळी झाडली. कोर्टात त्याने केलंय म्हणून कबूल केलं, वर हे न जन्मलेल्या मुलांना वाचवायला केलं म्हणून सांगितलं. ज्युरीला दोषी ठरवायला चाळीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चार्ज काय होता? राज्याच्या कायद्याखाली साधा खून. पण नंतर काय झालं ते बघा: टिलर यांचं क्लिनिक कायमचं बंद झालं, आणि विचिटात पुन्हा गर्भपाताची सोय व्हायला २०१३ उजाडलं. एक माणूस मेला आणि अख्ख्या शहराची सेवा बंद पडली, देशभरात तेच काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला निरोप पोचला. माझ्या मते हा दहशतवाद आहे, चार्जशीटवर काहीही लिहिलेलं असो.

एरिक रुडॉल्फची केस तर शंकेला जागाच ठेवत नाही. १९९६ ला अटलांटा ऑलिंपिकच्या पार्कात बॉम्ब, जो सगळ्यांना आठवतो, पण त्यानंतरचं फार कोणाला माहीत नसतं. जानेवारी १९९७ मध्ये अटलांटाजवळच्या एका क्लिनिकमध्ये बॉम्ब फुटला, पोलीस, फायरवाले, पत्रकार धावले, आणि साधारण तासाभराने बाहेर पार्किंगच्या बाजूला दुसरा फुटला, म्हणजे मदतीला आलेल्यांसाठीच ठेवलेला. १९९८ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅममधल्या क्लिनिकच्या दारात खिळे भरलेला बॉम्ब, एक पोलीस गेला, नर्सचा एक डोळा गेला. 'आर्मी ऑफ गॉड' या गर्भपातविरोधी अतिरेक्यांच्या नावाने पत्रं आली. पाच वर्षं जंगलात लपला आणि २००३ ला सापडला. २००५ मध्ये गुन्हा कबूल करताना त्याने स्वतःच लेखी सांगितलं की ऑलिंपिकवरचा हल्लासुद्धा गर्भपाताला परवानगी देणाऱ्या वॉशिंग्टन सरकारला जगासमोर खाली बघायला लावायला होता. धोका, धाक, सरकार, तिन्ही खाने भरले. आणि माणूस एकटा.

आता अवघड केसेस, कारण सोप्या केसवर कोणीही हुशारी दाखवेल.

इलिनॉयमधल्या पिओरियात जानेवारी २०२३ मध्ये प्लॅन्ड पेरेंटहूड या गर्भपाताची सेवा देणाऱ्या संस्थेच्या क्लिनिकला एकाने आग लावली. इमारतीचं प्रचंड नुकसान, दहा वर्षांची शिक्षा. जागा तीच, आग तीच, पण चौकशीत निघालं काय, तर त्याच्या आधीच्या गर्लफ्रेंडने गर्भपात केला होता त्याचा राग. माझ्या मते इथे व्याख्या नीट बसत नाही, वैयक्तिक सूड जास्त दिसतो. 'क्लिनिक होतं म्हणजे टेररिझम' हा शॉर्टकट म्हणूनच मारायचा नाही. उलट बाजूने, २००१ मध्ये क्लेटन वॅगनर नावाच्या फरार माणसाने खऱ्या अँथ्रॅक्सच्या भीतीचा फायदा घेऊन देशभरातल्या शेकडो क्लिनिकला पांढरी पावडर घातलेली पत्रं पाठवली. पावडर खोटी होती, कोणी मेलं नाही. कायद्यातलं 'जिवाला धोका' यावर वकील वाद घालतील, पण पाकीट उघडणाऱ्या रिसेप्शनिस्टला पावडर खोटी आहे हे कुठे माहीत होतं? धाक हाच त्याचा पूर्ण उद्देश होता, दुसरं काही नव्हतंच. मी हो म्हणते.

आणि मग कोलोरॅडो स्प्रिंग्जमधल्या प्लॅन्ड पेरेंटहूडच्या क्लिनिकवरचा गोळीबार, नोव्हेंबर २०१५, तीन मेले, नऊ जखमी. हल्लेखोर कोर्टात ओरडला की मी बाळांसाठी लढणारा योद्धा आहे, आणि त्याच माणसाला मानसिक अवस्थेमुळे खटल्यासाठी अपात्र ठरवलं गेलं. लोकं म्हणतात वेडा की दहशतवादी, एक काहीतरी ठरवा. का ठरवायचं? निशाणा कसा निवडला ते दिसतंय, कारण त्याने स्वतः सांगितलंय. शिक्षा द्यायची का आणि किती, हा वेगळा प्रश्न, तो कोर्टाचा.

याच्या उलट, रस्त्यावर बसणारे. १९९१ च्या उन्हाळ्यात विचिटातच ऑपरेशन रेस्क्यू या गर्भपातविरोधी गटाने आठवडेच्या आठवडे क्लिनिकचे दरवाजे अडवले, अडीच हजारांच्या वर अटका झाल्या. आत जायला निघालेल्या बाईला ते किती भयंकर वाटलं असेल ते मला कळतं, पण जिवाला धोका ही पहिलीच अट तिथे गळून पडते. गुन्हा म्हणा, छळ म्हणा, दहशतवाद नका म्हणू. २०२५ च्या जानेवारीत ट्रम्पने फेस ॲक्टखाली दोषी ठरलेल्या २३ जणांना माफी दिली तेव्हा 'दहशतवाद्यांना सोडलं' अशा पोस्ट फिरत होत्या. ती बहुतेक अशीच दरवाजे अडवणारी मंडळी होती. माफीवर टीका जरूर करा, मला पण ती पटली नाही, पण शब्द वाया घालवू नका, खऱ्या केसला लागतो तो.

आता बाजू बदलून बघा, ही स्टेप लोकं हमखास गाळतात. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा रो विरुद्ध वेड, म्हणजे गर्भपाताचा हक्क देणारा जुना निकाल, उलटवणारा मसुदा फुटला आणि थोड्याच दिवसांत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला गर्भपातविरोधी संस्थेच्या ऑफिसमध्ये पेट्रोल बॉम्ब टाकला गेला, भिंतीवर लिहिलं की गर्भपात सुरक्षित नसतील तर तुम्ही पण नाही. आत कोणी नव्हतं म्हणून निभावलं. निरोप कोणाला होता? भिंतीवर वाचा की. टिलरला हो म्हणालात तर इथे 'अहो पण राग समजण्यासारखा होता' चालणार नाही, आणि इथे हो म्हणणाऱ्याला टिलरच्या वेळी 'एकटा माथेफिरू' चालणार नाही. आकड्यात मात्र दोन्ही बाजू सारख्या नाहीत हे पण लपवू नका: १९७७ पासून गर्भपातविरोधी हिंसेत अकरा खून, चाळीसच्या वर बॉम्बस्फोट आणि दोनशेच्या आसपास जाळपोळी नोंदलेल्या आहेत.

शेवटची एक टेक्निकल गोष्ट, बातम्या वाचताना कामाला येते. शिक्षा ठरवताना अमेरिकन जज 'टेररिझम'ची जादा शिक्षा लावू शकतो, आणि इमारत जाळणं किंवा उडवणं त्या यादीत आहे, फेस ॲक्ट नाहीये. पण त्याला अट अशी की गुन्हा सरकारच्या वागण्यावर दबाव आणायला किंवा सरकारवर सूड म्हणून केलेला असावा. क्लिनिक तर खाजगी. कोणी फक्त डॉक्टर आणि पेशंटना घाबरवायला आग लावली तर वरच्या व्याख्येत तो बसू शकतो आणि या जादा शिक्षेतून सुटू शकतो. त्यामुळे उद्या हेडलाइन आली की 'जजने दहशतवादाची वाढीव शिक्षा नाकारली' तर लगेच ग्रुपवर टाकू नका, आधी आत जाऊन बघा की जजने म्हटलंय काय, हा दहशतवाद नाही असं, की सरकारवर रोख होता हे सिद्ध झालं नाही एवढंच.