भावाला लागू पडलेली बीपीची गोळी तुम्हाला का त्रास देते, आणि मग काय करायचं

अमळनेरला माझं मेडिकल आहे. काउंटरवर रोज कुणीतरी रिकामी स्ट्रिप पुढे करतं: "मोठा भाऊले हाईच चालू शे, माले बी द्या." मी देत नाही. का देत नाही, ते नीट सांगतो.

गोळी पोटात गेली की लिव्हरमधली एन्झाइम तिचा निचरा करतात, आणि ती एन्झाइम किती जोरात काम करणार हे बऱ्याच अंशी जनुकांवर ठरतं. नंदुरबारकडच्या लोकांना सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे आईबापाकडून काय काय येतं हे चांगलं ठाऊक आहे. हेही तसंच येतं, आणि सख्ख्या भावांतही सारखं येईल असं नाही. मेटोप्रोलॉल या नाडी मंद करणाऱ्या बीपीच्या गोळीचं बघा. ते मुख्यतः सीवायपी२डी६ या एन्झाइमकडून मोडतं. ज्यांच्यात हे एन्झाइम जन्मतःच काम करत नाही, त्यांच्या रक्तात त्याच डोसला औषध साधारण चार-पाच पट साचतं. एक नाना घाम पुसत काउंटरला टेकून उभे राहिले, म्हणाले उठलं की अंधारी येते. मनगट धरून पूर्ण मिनिट मोजलं: ४६ ठोके. गोळी ५० मिलिग्रॅमची, डॉक्टरांनीच दिलेली. त्यांच्या थोरल्या भावाला त्याच गोळीवर काही म्हणता काही त्रास नव्हता. नानांना मी तसंच डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी औषध बदललं. जनुकाची तपासणी झाली नाही, म्हणून कारण तेच होतं असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण असं दिसलं की हा संशय घ्यायलाच हवा.

लोसार्टन या दुसऱ्या बीपीच्या गोळीची गोष्ट उलटी. लिव्हर त्याचा काही भाग जास्त ताकदीच्या रूपात बदलतं, ते काम सीवायपी२सी९ या एन्झाइमचं. ते मंद असेल तर गोळीचा असर कमी पडू शकतो. टेल्मिसार्टनला या वाटेनं जावं लागत नाही.

आता तुमचं काम. एक वही करा. ब्रँडखाली बारीक अक्षरात असतं ते औषधाचं नाव, डोस, घेण्याची वेळ, आणि सकाळ-संध्याकाळ बीपी व नाडी लिहा. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, हात छातीच्या उंचीला ठेवा, एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. अ‍ॅम्लोडिपिनचा पूर्ण असर दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात, तेव्हा दोन दिवसांत "लागू पडत नाही" म्हणू नका.

मग घरात विचारा: आईला, काकांना, आत्याला कोणती गोळी सोसली नाही? रॅमिप्रिलनं कोरडा खोकला? अ‍ॅम्लोडिपिननं घोट्याला सूज? हा पुरावा नव्हे, पण डॉक्टरांना धागा मिळतो.

जनुकांवर बोट ठेवण्याआधी पिशवी मात्र रिकामी करून बघा. गुडघेदुखीची डायक्लोफिनॅक बीपी वाढवते. नैराश्यावरच्या पॅरोक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन तेच सीवायपी२डी६ अडवतात, म्हणजे जनुक ठीक असूनही मेटोप्रोलॉल साचतं. ताटातले पापड, लोणचं, शेव यांतलं मीठही मोजा. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याला चक्कर आली तर कारण उन्हातही असू शकतं.

जनुक तपासणी सगळ्यांना लागत नाही. बीपी मोजून डोस बसवणं हाच आजही मुख्य रस्ता आहे. पण अगदी कमी वयात बीपी, पोटॅशियम कमी, आणि घराण्यातही तसंच, असं असेल तर डॉक्टरांकडे विषय जरूर काढा. १९६३ मध्ये वर्णन झालेला लिडल सिंड्रोम असाच घराण्यातून येतो. तो विरळा आहे, पण त्यात स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी लागू पडत नाही, अमिलोराइड लागू पडते.

आणि मेटोप्रोलॉल स्वतःहून एकदम बंद करू नका, छातीत दुखणं उसळू शकतं. नाडी ५० च्या खाली आणि सोबत चक्कर असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जाताना वही, सगळ्या स्ट्रिपा आणि घरचं बीपीचं मशीन पिशवीत घाला, म्हणजे ते डॉक्टरांच्या मशीनशी ताडूनही होईल.