वाय फ्लॅगने माझे दोन दिवस खाल्ले

जावास्क्रिप्टमधली रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात जुळणी शोधायचे पॅटर्न) येतात, असं मी छातीठोकपणे सांगायचो. मग गणिती सूत्रांसाठी छोटा टोकनायझर (सूत्राचे अंक, चिन्हं असे तुकडे करणारा कोड) लिहायला घेतला आणि ब्राउझरचा टॅब गोठला.

फ्लॅग म्हणजे पॅटर्नला जोडायचं एका अक्षराचं सेटिंग. जी फ्लॅग तुम्हाला माहीत आहेच. तो लास्टइंडेक्सपासून, म्हणजे शोध सुरू करायची जी जागा पॅटर्न लक्षात ठेवतो तिथून, पुढे सापडेल तिथे जुळणी घेतो. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या ईएस६ आवृत्तीत आलेला वाय, म्हणजे स्टिकी, पुढे शोधतच नाही. जुळणी त्याच जागी सुरू व्हायला हवी, नाहीतर नल, म्हणजे काहीच नाही. दोन्ही लावले तरी जुळणी शोधून देणारं एक्झेक वायचंच ऐकतं.

"१२+३४" ही स्ट्रिंग घ्या. अंकांचा पॅटर्न जुळला, लास्टइंडेक्स २ झाला (मोजणी ० पासून). तिथे आता अधिकचं चिन्ह आहे. जी असता तर ते गुपचूप ओलांडून ३४ उचललं असतं; सूत्र चुकलं आणि पत्ताही नाही. 'सगळीकडे जी लाव' म्हणणारा सीनियर प्रत्येक टीममध्ये असतो. त्याचं ऐकू नका.

माझी फजिती मात्र वायनेच केली. जुळणी फसली की लास्टइंडेक्स होता तिथे राहत नाही, थेट ० होतो. मी पुढची जागा त्याच्याकडूनच विचारत होतो. अंकांचा पॅटर्न २ वर फसला, ० झाला. तोच ० मी अधिकच्या पॅटर्नला दिला. तिथे १, म्हणून तोही फसला. फिरून अंकांची पाळी, पुन्हा ० पासून, पुन्हा १२. अनंत लूप! आणि मी पॅटर्नमध्ये चूक शोधत बसलो होतो. पॅटर्न बरोबरच होता.

उपाय एका ओळीचा आहे: जागा स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा, प्रत्येक प्रयत्नाआधी लास्टइंडेक्समध्ये ती भरा आणि जुळलं तरच पुढे सरकवा. रिकामी जुळणी होऊ शकणारा पॅटर्न तर इथे वापरूच नका. तो जागचा हलत नाही.

जुळलं की नाही एवढंच सांगणारं टेस्टसुद्धा लास्टइंडेक्स हलवतं, हे कुणी सांगत नाही. "१२" वर तोच पॅटर्न लागोपाठ चालवला तर आधी ट्रू, मग फॉल्स, मग परत ट्रू. वेड लागलं नाहीये तुम्हाला, मलाही तसंच वाटलं होतं.

आणि पॅटर्नच्या सुरुवातीला कॅरेट (^) लावायचा मोह आवरा. एम फ्लॅग (प्रत्येक ओळीची सुरुवात धरणारा) नसेल तर कॅरेट म्हणजे स्ट्रिंगचीच सुरुवात, त्यामुळे २ वर तो कधीच जुळणार नाही. मी तो लावला होता. दुसरा दिवस त्यात गेला.